मोठे ब्रेक बसवूनही पेडल पुन्हा पुन्हा खाली जातं: जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दोष कसा शोधायचा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते. जुनी, ताकदवान स्पोर्ट्स कार. पुढे मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (घर्षणाचे पॅड डिस्कवर दाबणारे भाग) बसवलेले, नवं ब्रेक ऑइल भरलेलं, त्यातली हवा व्यवस्थित काढलेली. गाडी जॅकवरून खाली उतरते तेव्हा पेडल टणक असतं. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या झाल्या किंवा लांब उतार संपत आला, की पेडल निम्मं खाली जाऊन मग लागतं. पुन्हा हवा काढली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. पुढची पायरी म्हणून आणखी मोठी डिस्क मागवली जाते, आणि त्यानेही काही बदलत नाही.

बदलणार कसं? पेडल किती खाली जातं हे डिस्कच्या आकारावर ठरत नाही. पॅड डिस्कला टेकेपर्यंत किती ऑइल सरकवावं लागतं आणि त्यातलं किती वाटेत वाया जातं, यावर ते ठरतं. पाइप फुगतो, हवा किंवा वाफ दबते, पॅड जागेवरून मागे ढकलले जातात, मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचं) सील आतल्या आत ऑइल सोडतं: वाया जाण्याच्या मुख्य जागा एवढ्याच. नवीन भाग मागवण्याआधी यातली नेमकी कोणती, हे कळायला हवं.

पेडल काय सांगतं

इंजिन बंद ठेवा. पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपवा आणि मग नेहमी ब्रेक मारताना लावता तेवढा जोर लावून मिनिटभर धरून ठेवा. पेडल संथपणे खाली उतरत राहिलं आणि बाहेर कुठेच थेंब दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलं आहे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल थोडं खाली झुकायला हवं. झुकलं नाही तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा एकेरी व्हॉल्व्ह तपासा.

पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्या दाबाला वर, या लक्षणावर बहुतेक लोक लगेच 'हवा' म्हणतात. इथे जरा थांबा. आत हवा असेल तर दोन-तीनदा दाबून वर आलेलं पेडलसुद्धा पायाखाली थोडं लवचिक लागतं. पॅड मागे सरकलेले असतील तर दुसऱ्या दाबाला ते एकदम टणक होतं. आणखी एक खूण बघा. लांब सरळ पट्ट्यावर किंवा वेगाने घेतलेल्या वळणानंतर पहिला ब्रेक खोल लागतो, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की सगळं ठीक. हा पॅड मागे ढकलले जाण्याचा प्रकार आहे आणि कितीही ऑइल बदललं तरी तो जात नाही.

पेडल थंड असताना चांगलं आणि तापल्यावरच स्पंजासारखं होत असेल, तर ऑइल उकळतं आहे. पेडल टणक आहे, जागेवर आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेला आहे. या दोन गोष्टी रोज एकमेकींत मिसळल्या जातात. पहिलीचा उपाय ऑइल, दुसरीचा पॅड, आणि दोन्हींचा मिळून हवेचा झोत.

दोष कोणत्या चाकावर आहे हे शोधायला रबरी ब्रेक पाइप दाबण्याचा खास क्लॅम्प वापरा. चारही पाइप क्लॅम्प केल्यावर पेडल उंच आणि टणक लागलं, तर मास्टर सिलिंडर आणि वरची लाइन ठीक आहे. आता एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाला पेडल सर्वांत जास्त खाली येतं, तिथे काम आहे. स्टीलच्या जाळीचे पाइप असतील तर ही चाचणी अजिबात करू नका, आतली नळी चिरडते. तिथे कॅलिपरकडची जोडणी सोडून लाइनचं तोंड योग्य आट्यांच्या प्लगने बंद करावं लागतं.

पॅड मागे ढकलले जाणं

जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त सापडणारं आणि सर्वांत कमी तपासलं जाणारं कारण हेच, म्हणून जरा सविस्तर.

कारखान्यातून आलेला सरकता कॅलिपर डिस्कच्या थोड्याफार हेलकाव्याबरोबर स्वतः सरकतो. चार पिस्टनचा कॅलिपर जागेवर घट्ट बसलेला असतो. डिस्क वाकडी फिरली की ती पॅडला आणि पॅडमागच्या पिस्टनला आत ढकलते. म्हणजे जो ढिलेपणा जुन्या कॅलिपरने वर्षानुवर्षं झाकून ठेवला, तो मोठे ब्रेक बसवल्याबरोबर उघडा पडतो.

हिशेब करून बघा. समजा कॅलिपरच्या एका बाजूला ३६ आणि ४० मिमीचे दोन पिस्टन आहेत. दोघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण २,२७५ चौरस मिमी. पुढच्या दोन्ही चाकांवर, दोन्ही बाजूंचे पॅड फक्त ०.२ मिमी मागे गेले, तर भरून काढायचं ऑइल होतं सुमारे १,८२० घन मिमी. २३.८ मिमी व्यासाच्या मास्टर सिलिंडरचं क्षेत्रफळ ४४५ चौरस मिमी, म्हणजे त्याच्या पिस्टनला ४.१ मिमी जास्त सरकावं लागतं. पेडलचं गुणोत्तर ५ धरलं, म्हणजे पेडल त्या पिस्टनच्या पाचपट सरकतं, तर पायाखाली २० मिमी. नखाच्या जाडीपेक्षाही कमी ढिलाई, आणि पेडल दोन सेंटीमीटर खाली.

तपासणी व्हील बेअरिंगपासून सुरू करा. चाक वर आणि खाली धरून हलवा, मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिली तर बॉल जॉइंट किंवा बुशचा. शंकूच्या आकाराची, हाताने जुळवायची रोलर बेअरिंग असतील तर नट नेमका किती आवळायचा ते मॅन्युअलमधूनच घ्या. जुन्या पोर्शे ९११ आणि ९४४ मध्ये खूण अशी, की नटाखालचा वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने, फार जोर न लावता, बोटांच्या ताकदीने जेमतेम सरकायला हवा. सहज घरंगळला तर ढिलं, हलतच नसेल तर आवळून मारलेलं. पहिल्याने पॅड मागे जातात, दुसऱ्याने बेअरिंग जळतं.

मग डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप. त्याचा पाया सस्पेन्शनच्या अपराइटला (हब धरणाऱ्या भागाला) पक्का धरा, डिस्क चाकाच्या नटांनी आणि योग्य वॉशरनी पूर्ण टॉर्कवर बसवा आणि कडेपासून सुमारे १० मिमी आत मोजा. बसवलेल्या डिस्कचा हेलकावा ०.०५ मिमीच्या आत हवा. काही मॅन्युअल याहून जास्त चालवून घेतात, पण घट्ट बसलेल्या कॅलिपरला ०.१० मिमी त्रास देतो. जास्त आला तर डिस्कला लगेच दोष देऊ नका. डिस्क काढा, हबचा चेहरा तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत घासा, बोल्टच्या मुळाशी गंजाचं जे कडं बसलेलं असतं ते खरवडा. तिथला कागदाइतका पातळ गंजाचा पापुद्रा डिस्कच्या कडेला दुपटीहून जास्त होऊन दिसतो. मग डिस्क एकेक भोक पुढे फिरवून बसवत प्रत्येक वेळी मोजा आणि सर्वांत कमी आकडा येईल त्या जागी रंगाने खूण करा. पुढच्या वेळी डिस्क काढली तर ती त्याच जागी जायला हवी.

दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये बाहेरची कडा मधल्या अॅल्युमिनियमच्या भागावर बॉबिनवर (जोडणाऱ्या छोट्या खुंट्यांवर) तरंगते. बॉबिनमध्ये पॅडची धूळ आणि गंज अडकला की तरंगणं थांबतं आणि हाच आजार सुरू होतो. कडा हाताने धरून हलवा, किंचित खडखड यायलाच हवी.

पिस्टनमागे हलक्या स्प्रिंग घालून पॅड डिस्कशी टेकवून ठेवता येतात. बेअरिंग आणि हेलकावा ठीक करूनही हबच्या लवचिकतेमुळे थोडं खोल पेडल उरलं, तर हा योग्य उपाय आहे. ढिलं बेअरिंग लपवायला मात्र नाही.

कॅलिपर उलटा बसलेला नाही ना?

दुसऱ्या मॉडेलचे कॅलिपर ब्रॅकेट लावून बसवले असतील तर हे आधी बघा. हवा काढायचं निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असायला हवं. खाली असेल तर वर अडकलेला बुडबुडा शंभर वेळा पेडल मारूनही निघणार नाही.

यातली खरी मेख वेगळीच आहे. वेगवेगळ्या मापाचे पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये डिस्क जिथून आत शिरते तिथे लहान पिस्टन आणि जिथून बाहेर पडते तिथे मोठा पिस्टन लागतो, नाहीतर पॅड एका टोकाला तिरका झिजतो. अॅक्सलच्या मागे बसलेल्या कॅलिपरमधून डिस्क खालून वर जाते, पुढे बसलेल्यातून वरून खाली. त्यामुळे मूळ गाडीत मागे बसणारा कॅलिपर तुमच्या गाडीत पुढे आला, की निपल वर ठेवलं तर पिस्टन उलटे आणि पिस्टन बरोबर ठेवले तर निपल खाली. बऱ्याच कॅलिपरमध्ये निपल आणि दोन अर्ध्या भागांना जोडणारी बाहेरची बारीक नळी यांची अदलाबदल करता येते. पिस्टन बरोबर ठेवून तीच करायची. ज्यात तशी सोय नाही तो कॅलिपर त्या जागेसाठी नाही.

मास्टर सिलिंडर मोठा करावा का?

३६ आणि ४० च्या जागी ३६ आणि ४४ मिमीचे पिस्टन आले, तर एका बाजूचं क्षेत्रफळ २,२७५ वरून सुमारे २,५४० चौरस मिमी होतं. जवळपास १२ टक्के जास्त ऑइल लागतं, म्हणून पेडल थोडं खोल जाणारच. हा दोष नव्हे. पेडल खोल पण घट्ट, आणि थंड-गरम दोन्हीत सारखंच असेल, तर ते या हिशेबातलं आहे.

त्यावर २३.८ ऐवजी २५.४ मिमीचा मास्टर सिलिंडर सुचवला जातो. क्षेत्रफळ ४४५ वरून ५०७ होतं, पेडल वर येतं. पण पायाच्या त्याच जोराला दाब १२ टक्के कमी मिळतो. मोठ्या पिस्टनांनी पुढे जे दिलं ते मोठ्या सिलिंडरने काढून घेतलं, आणि मागच्या ब्रेकचं निव्वळ नुकसान झालं, कारण मागचे पिस्टन तर तेवढेच आहेत. बूस्टर सशक्त असेल आणि मागचे कॅलिपरही मोठे केले असतील तरच हा बदल पटतो.

पुढे-मागेच्या वाटणीचं एरवीही तसंच आहे. पुढे पिस्टनांमुळे १२ टक्के आणि डिस्कची परिणामकारक त्रिज्या वाढल्यामुळे समजा आणखी ८ टक्के, असा पुढचा जोर एकूण २० टक्क्यांच्या आसपास वाढतो. पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागच्या चाकांना कामच उरत नाही आणि थांबण्याचं अंतर वाढतं. संच निवडतानाच मागचे कॅलिपर किंवा पॅड जुळवून घ्या. मागचा दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह सरसकट काढून टाकू नका. वळणात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते. पुढची आधी लॉक झाली तर ती निदान सरळ जाते.

ऑइल, आणि ते कुठे उकळतं

डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नव्या ऑइलसाठी २३० अंश सेल्सिअस, आणि साधारण ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलसाठी १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकसाठीची डॉट ४ ऑइलं कोरडी असताना ३०० च्या वर जातात, पण वारंवार बदलावी लागतात. सिलिकॉनचं डॉट ५ वेगळंच आहे. ते यांच्यात मिसळत नाही, त्यात हवा विरघळते, तापलेल्या ब्रेकला ते नको.

१,४०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० किमीवर आणताना सुमारे १.८ मेगाज्यूल उष्णता तयार होते. तिचा ७० टक्के भाग पुढे गेला आणि डिस्क प्रत्येकी ८ किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये डिस्क १५० ते १६० अंशांनी तापते. पुढचं वळण वीस सेकंदांवर असेल तर ती थंड व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्या डिस्कचा खरा फायदा तिच्या वजनात आहे, व्यासाच्या रुबाबात नाही.

फेरी संपवून गाडी उभी केली, पाच मिनिटांनी निघालात आणि पहिल्याच ब्रेकला पेडल तळाला, असं झालं तर ऑइल गाडी उभी असताना उकळलं आहे. हवा थांबली, डिस्क आणि पॅडची उष्णता पिस्टनमार्गे आत शिरली. म्हणून शेवटची पूर्ण फेरी ब्रेक जेमतेम लावत काढायची आणि नंतर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवायची. पॅड निम्म्यावर आला की ट्रॅकसाठी तो संपला समजा, कारण पिस्टन आणि डिस्क यांच्यामध्ये उष्णता अडवणारं तेवढंच असतं.

हवेचा झोत ७५ मिमीच्या पाइपने डिस्कच्या मध्यभागी सोडा, म्हणजे हवा डिस्कच्या आतल्या पात्यांमधून बाहेर फेकली जाते. एका चेहऱ्यावर सोडली तर डिस्क एका बाजूने थंड होऊन वशिंडासारखी फुगते आणि भेगा जातात. पाती वक्र असतील तर डिस्क डावी-उजवी वेगळी असते: फिरण्याच्या दिशेत पात्यांची बाहेरची टोकं मागे झुकलेली हवीत. वरच्या खाचांची दिशा बघून ठरवू नका. किती तापतंय हे कळायला डिस्कच्या कडेला उष्णतेचा रंग लावा. सर्रास मिळणाऱ्या संचात हिरवा ४३० अंशांना, केशरी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. पॅडची निवड त्यावरून करा.

हवा काढताना होणाऱ्या चुका

जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल तळापर्यंत मारणं ही सर्वांत महाग चूक. रोजच्या वापरात सील सिलिंडरच्या फक्त पहिल्या भागात फिरतं. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज बसलेला असतो. पेडल तळाला गेलं की सीलची धार त्यावर घासून फाटते, आणि काल चांगला असलेला सिलिंडर आज ऑइल सोडू लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा किंवा टाकीवरून १ ते १.५ बार दाब देणारं साधन वापरा. पूर्ण बदलायला १ लिटर ऑइल हाताशी ठेवा. चार पिस्टनच्या बऱ्याच कॅलिपरला आत-बाहेर अशी दोन निपल असतात, दोन्हीतून काढायचं. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे, तो नसेल तर सर्वांत लांबच्या चाकापासून. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये हवा गेली असेल तर निदान यंत्राने पंप चालवून पुन्हा एकदा काढावी लागते.

रबरी पाइप जुने असतील तर बदलाच. आतून सुजलेला पाइप ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि एक चाक जाम राहतं. नवे पाइप बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन आणि चाक लोंबकळत सोडून बघा. पाइप कुठे ताणला किंवा घासला जाता कामा नये.

एकच चाक जास्त तापत असेल

आणि कॅलिपर जुना, अॅल्युमिनियमचा असेल, तर पॅड काढून आतल्या स्टीलच्या पट्ट्या बघा. १९८० च्या दशकापासूनच्या पोर्शेवरचे ब्रेम्बो कॅलिपर यासाठी माहीतच आहेत. पॅडची टोकं ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या कॅलिपरला बारीक स्क्रूंनी धरलेल्या असतात. पट्टीमागे ओल शिरते, अॅल्युमिनियम फुलतं आणि पांढरी, खडूसारखी पूड साचते. ती पट्टीला मधोमध उचलून धरते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण सरळपट्टी टेकवली की फट दिसते. पॅड दोन बोटांनी आत-बाहेर सरकायला हवा. इथे तो ठोकून बसवावा लागतो, मग डिस्कवरून मागे येत नाही, घासत राहतो, आणि त्या चाकाचं ऑइल सर्वांत आधी उकळतं. पॅडच्या कडा घासून बारीक करणं हा तात्पुरता इलाजसुद्धा नव्हे. स्क्रू काढा, बहुतेक ते ड्रिल करूनच निघतात. पूड खरवडून बैठक सपाट करा आणि नव्या पट्ट्या नव्या स्क्रूंनी बसवा.

स्टिअरिंगची थरथर

बहुतेक वेळा डिस्क 'वाकलेली' नसते. पॅडचा थर तिच्यावर असमान चिकटलेला असतो किंवा तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. ०.०२ मिमीचा फरकही पायाला जाणवतो. थर ताजा असेल तर खरखरीत गार्नेट कागदाने काढून पॅड पुन्हा मुरवता येतात. मुरवताना ताशी १०० वरून ३० किमीपर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक मारा, प्रत्येकामध्ये थोडं अंतर द्या, पूर्ण थांबू नका, आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता चालवून सगळं थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो आणि थरथर परत येते.

पहिल्या तीन तापण्या-थंडावण्यानंतर चाकं काढा. कॅलिपरचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कवर तपासा, कॅलिपर आणि चाकाच्या आऱ्यांमध्ये किमान ३ मिमी फट उरली आहे का ते बघा, आणि प्रत्येक पॅड दोन्ही टोकांना मोजून आकडे लिहून ठेवा. एकाच चाकावर एक टोक जास्त झिजलेलं दिसलं, तर पेडल अजून चांगलं असलं तरी तिथल्या पिस्टनचा क्रम आणि पट्ट्या पुन्हा उघडून बघा.